जनावराआधी प्रतिकृती: पशुवैद्यकीय शस्त्रक्रियेच्या सरावाची पार्श्वभूमी

सांगोला-मंगळवेढा भागात खिलार बैलाचे शिंग कर्करोगामुळे कापावे लागते किंवा तार गिळलेल्या गाईचे पोट उघडावे लागते, तेव्हा ते काम पुष्कळदा गोठ्यासमोरच उरकावे लागते, आणि ते करणारा पशुवैद्यक शिरवळ किंवा उदगीरच्या महाविद्यालयातून नुकताच बाहेर पडलेला असू शकतो. त्याचा हात त्याआधी कशावर बसावा, हा प्रश्न जुना आहे.

माणसांच्या शल्यविद्येपुरते त्याचे उत्तर सुश्रुतसंहितेच्या योग्यासूत्रीय (योग्या म्हणजे सराव) अध्यायात आहे: छेद कोहळा, कलिंगड, काकडीवर घ्यावा, शिरा मृत जनावराच्या किंवा कमळाच्या देठावर टोचून पाहाव्यात, टाके जाड कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर घालावेत, पुष्कळ शास्त्र ऐकलेला, पण असा सराव न केलेला शिष्य प्रत्यक्ष कर्मास अयोग्यच.

फ्रान्समधील ल्यों येथे १७६२ मध्ये आणि मुंबईत परळला १८८६ मध्ये सुरू झालेल्या पशुवैद्यकीय शिक्षणात मात्र शस्त्रक्रियेचा हात मुख्यतः मृत किंवा जिवंत जनावरावरच तयार होत आला. केवळ हस्तकौशल्यासाठी जिवंत प्राण्यांवर प्रयोग करण्यास ब्रिटनने १८७६ मध्येच मनाई केली होती. भारताच्या १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम १७ नेही असे प्रयोग शक्यतो टाळावेत आणि पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे प्राणी वापरू नयेत, असे सुचवले. परंतु विश्वासार्ह प्रतिकृतीच हाताशी नसतील, तर अशी तरतूद कागदावरच राहणार.

ती उणीव पुढे भरू लागली. कॅनडातील ग्वेल्फ येथे कुत्र्याच्या उदरपोकळीची कृत्रिम प्रतिकृती सरावासाठी घडवली गेली. त्याहून अवघड कोडे गाईच्या गुदमार्गातून गर्भाशय चाचपण्याचे होते, कारण विद्यार्थ्याचा हात आत नेमका कशाला लागला आहे हे शिक्षकाला दिसतच नाही. या शतकाच्या आरंभी ग्लासगो येथे सारा बेली यांनी गाईच्या मागील भागाच्या फायबरग्लास प्रतिकृतीत स्पर्शाचा भास देणारे संगणकीय यंत्र बसवले. विद्यार्थी बोटात टोपण घालून चाचपतो आणि शिक्षक पडद्यावर त्याची हालचाल पाहून दिशा देतो.

एवढे महागडे यंत्र सर्वत्र हवेच असे नाही. गाईच्या डाव्या कुशीचे थर, म्हणजे कातडी, स्नायूंचे तीन पापुद्रे आणि उदरवेष्टन (पोटाच्या पोकळीचे पातळ अस्तर), फोम आणि कापडावर ओळीने शिकवता येतात, आणि चादरी-टॉवेलांच्या सोलापुरात कापडाला तोटा नाही. कापडातून रक्त मात्र येत नाही आणि भूल उतरू लागताच ते हलतही नाही. म्हणून मृतदेहावरील सराव, भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणासारख्या गरजेच्या शस्त्रक्रियांत अनुभवी डॉक्टरांच्या देखरेखीखालील सहभाग आणि वर्षभराची आंतरवासिता यांची जागा प्रतिकृती घेत नाही. ती त्यांच्या आधी येते.