हात थांबला, पण पोहायचं जरा जपून

आमचे मालवणचे अण्णा, वडिलांचे चुलतभाऊ, सोलकढीची वाटी तोंडाकडे न्यायला लागले की अर्धी लेंग्यावर. हात मांडीवर असला की एकदम शांत, काही धरायला गेलं की थरथर, याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, पार्किन्सनचा कंप बहुतेक उलटा, हात निवांत असताना जास्त दिसतो. गोळ्यांनी भागेना म्हणून शेवटी डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन) केलं, म्हणजे करंट द्यायला मेंदूत खोल बारीक वायर, कानामागून कातडीखालून खाली आणलेली, आणि गळ्याच्या हाडाखाली बॅटरी.

ही आयडिया फ्रान्समधल्या ग्रेनोबलची. पूर्वी कंपासाठी थॅलॅमसचा, म्हणजे मेंदूतल्या एका खोल भागाचा, छोटा तुकडा जाळायचे, त्याआधी जागा बरोबर आहे ना हे बघायला करंट देऊन टेस्ट करायचे, तर 1987 साली तिथले मेंदूचे सर्जन बेनाबिद आणि त्यांच्या टीमला दिसलं की सेकंदाला करंटचे शंभराच्या वर ठोके दिले की जाळायच्या आधीच कंप थांबतो. मग जाळायचं कशाला? आजही साधारण 130 ठोके देतात.

साइड इफेक्ट कुठून येतात हे कोकणातल्या माणसाला समजवायला सोपं आहे. तुम्ही आपल्या माडांना पंपाने पाणी सोडलं, जरा जास्त सोडलं की गडग्याखालून शेजाऱ्याच्या आवारात जाणारच ना, पाण्याला सातबारा कळत नाही. करंटचं तेच. वायरीची जाडी जेमतेम सव्वा मिलिमीटर, पण तिच्या टोकाच्या मागच्या बाजूला स्पर्शाचं केंद्र, तिथे करंट झिरपला की बोटांना, ओठांना मुंग्या. बाहेरच्या बाजूला स्नायूंकडे जाणारे तंतू, तिथे गेला की तोंड ओढल्यासारखं होतं, जीभ जड होते. चालताना तोलही जातो कधीकधी.

अण्णांचं जिभेवरच आलं. पहिल्यांदा सेटिंग वाढवलं तेव्हा म्हणाले, "हात ऱ्हवलो, पण जीभ जड झाली रे." डॉक्टरांनी व्होल्टेज थोडं उतरवलं, करंट वायरीवरच्या दुसऱ्या पट्टीतून सोडला, बोलणं बरंच सुधारलं, कंप किंचित परत आला. हा सौदा प्रत्येकाला करावाच लागतो, आणि मेंदूच्या दोन्ही बाजूंना वायर असेल तर बोलण्याचा त्रास जास्त. ऑपरेशनमध्येच रक्तस्राव होणं किंवा नंतर बॅटरीच्या जागी इन्फेक्शन होणं हे मात्र सेटिंग बदलून जात नाही.

कोणी फारसं सांगत नाही अशी एक गोष्ट, कंबर दुखते म्हणून फिजिओकडे डायथर्मीचा, म्हणजे मशीनच्या लहरींनी आतून द्यायचा, शेक कधीच घ्यायचा नाही. वायर तापून मेंदूला कायमची इजा होऊ शकते, आणि शेक पायाला दिला तरी धोका आहेच.

आता पोहण्याचं. झुरिकच्या डॉक्टरांनी पार्किन्सनच्या 9 पेशंटची नोंद केलीय, सगळे आधी चांगले पोहणारे, डीबीएसनंतर पोहणंच जमेना, एक तर तळ्यात उडी मारून बुडायलाच आला, घरच्यांनी बाहेर काढला. तिघांनी मशीन बंद करून बघितलं तर पोहणं लगेच परत! त्यांची वायर थॅलॅमसच्या खालच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस नावाच्या भागात होती, अण्णांची थॅलॅमसमध्ये, त्यामुळे तेच होईल असं नाही, पण आपल्याकडे माणूस चालायच्या आधी पाण्यात उतरतो, डॉक्टरांना हे आपणहून विचारलेलं बरं.

जखम पूर्ण भरल्यावर अण्णा देवबागला खाडीत उतरले, कमरेएवढ्या पाण्यात, मी बाजूला. दोन हात मारले, तरंगले. काकू काठावरून ओरडत होती, आता पुरे.