‘फॉल्स’ की ‘नॉट गिव्हन’? आयईएलटीएसच्या वाचनपरीक्षेतील दोन उत्तरांमधला फरक

परदेशी विद्यापीठातील प्रवेशासाठी आयईएलटीएस अकॅडमिक ही इंग्रजी भाषेची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला वाचनाच्या भागात तीन उतारे, ४० प्रश्न आणि ६० मिनिटे मिळतात. तिन्ही उतारे मिळून साधारण २१५० ते २७५० शब्दांचे असतात. त्यांवरच्या प्रश्नांच्या अनेक प्रकारांपैकी एका प्रकारात काही विधाने दिलेली असतात आणि प्रत्येक विधान उताऱ्याशी ताडून ‘ट्रू’, ‘फॉल्स’ किंवा ‘नॉट गिव्हन’ यांपैकी एक उत्तर द्यायचे असते. ‘ट्रू’ ओळखणे बहुतेकांना जमते. अडते ते उरलेल्या दोन उत्तरांत निवड करताना. प्रत्येक बरोबर उत्तराला एक गुण असतो आणि ४० पैकी सुमारे २३ उत्तरे बरोबर आली तर सहा बँड (बँड म्हणजे शून्य ते नऊ या मोजपट्टीवरची श्रेणी), सुमारे ३० आली तर सात बँड मिळतो. त्यामुळे सहा-सात विधानांच्या एका गटात तीन-चार ठिकाणी ही अदलाबदल झाली, तर अर्ध्या बँडचे अंतर पडू शकते आणि साडेसहाची अट घालणाऱ्या विद्यापीठाचे दार तेवढ्याने बंद होऊ शकते.

प्रश्नपत्रिकेतील सूचना अगदी स्पष्ट आहे. विधान उताऱ्यातील माहितीशी जुळत असेल तर ‘ट्रू’, त्या माहितीच्या विरोधात जात असेल तर ‘फॉल्स’, आणि त्याविषयी उताऱ्यात माहितीच नसेल तर ‘नॉट गिव्हन’. तरीही चांगले इंग्रजी येणारे विद्यार्थी इथे चुकतात आणि त्याचे कारण शब्दसंग्रहापेक्षा सवयीत आहे, असे मला वाटते. ‘चूक की बरोबर ते लिहा’ हा प्रश्न आपण प्राथमिक शाळेपासून सोडवत आलो आहोत. त्यात घरे दोनच असतात, त्यामुळे जे धड्यात सापडत नाही ते आपोआप ‘चूक’च्या घरात जाते. आयईएलटीएसमध्ये ‘धड्यात नाही’ याला स्वतंत्र घर आहे आणि ते ‘चूक’पासून काटेकोरपणे वेगळे ठेवलेले आहे.

नुसत्या व्याख्येने हा फरक हाती लागत नाही, म्हणून एक लहानसा उतारा घेऊ. परीक्षेतला उतारा अर्थातच इंग्रजीत आणि बराच मोठा असतो, पण तर्क हाच असतो.

“लोणारचे विवर बेसॉल्ट खडकात आहे. ते ज्वालामुखीमुळे तयार झाले असावे, असे बहुतेक अभ्यासक एके काळी मानत. तेथील खडकांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडल्यानंतर मात्र उल्कापाताचे मत स्वीकारले गेले, कारण ही काच केवळ प्रचंड वेगाच्या आघातातूनच तयार होते. विवरातील सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये त्याला गुलाबी रंग आला. हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणीनंतर सांगितले.”

आता पहिले विधान पाहू: ‘लोणारचे विवर उल्कापाताने झाले, हे अभ्यासकांनी सुरुवातीपासूनच मान्य केले होते.’ उताऱ्यात ‘हे मान्य नव्हते’ असे वाक्य कुठेही नाही. पण एके काळी बहुतेक अभ्यासक ज्वालामुखीचे मत धरून होते आणि उल्कापाताचे मत नंतर स्वीकारले गेले, असे दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यांत सांगितले आहे. ती वाक्ये खरी असतील तर हे विधान खरे असणे शक्य नाही, म्हणून उत्तर ‘फॉल्स’.

दुसरे विधान: ‘२०२० पूर्वी लोणार सरोवराच्या पाण्याचा रंग कधीही गुलाबी झाला नव्हता.’ इथे अनेकांचा हात घाईने ‘ट्रू’कडे जातो, कारण उताऱ्यात २०२० चाच उल्लेख आहे, तर काहींचा ‘फॉल्स’कडे जातो, कारण ‘कधीही’ हा शब्द त्यांना संशयास्पद वाटतो. दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. २०२० मध्ये रंग बदलला, एवढेच उतारा सांगतो. त्याआधी तो बदलला होता की नव्हता, याबद्दल उतारा मौन बाळगतो. पूर्वी तो बदललेला असो वा नसो, उताऱ्यातले एकही वाक्य खोटे ठरत नाही. उत्तर ‘नॉट गिव्हन’.

या दोन विधानांतच सगळा फरक आहे. उताऱ्यातील वाक्य आणि दिलेले विधान ही दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात का, असा प्रश्न स्वतःला विचारावा. ती एकत्र नांदूच शकत नसतील, तर ‘फॉल्स’. नांदू शकत असतील, पण उतारा विधानाला दुजोराही देत नसेल, तर ‘नॉट गिव्हन’. हीच कसोटी दुसऱ्या बाजूनेही लावता येते: विधानाचा प्रश्न करावा आणि उताऱ्याला विचारावा. ‘अभ्यासकांनी हे सुरुवातीपासून मान्य केले होते का?’ या प्रश्नाला उतारा ‘नाही’ असे उत्तर देतो. ‘पाणी पूर्वी कधी गुलाबी झाले होते का?’ या प्रश्नाला तो उत्तरच देत नाही. ‘फॉल्स’ लिहिताना उताऱ्यातल्या एखाद्या ओळीवर बोट ठेवता आलेच पाहिजे. ते ठेवता येत नसेल, तर ‘फॉल्स’ लिहिण्याचा अधिकार आपल्याला मिळालेला नसतो.

तिसरे विधान अधिक फसवे आहे: ‘सरोवराचे पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अधिक खारट आहे.’ सरोवर आहे, पाणी आहे, खारटपणाही आहे, त्यामुळे डोळ्यांना सगळे ओळखीचे दिसते. पण समुद्राशी तुलना उताऱ्यात कुठेही केलेली नाही, म्हणून उत्तर ‘नॉट गिव्हन’. विधानातले शब्द उताऱ्यात सापडले नाहीत की ‘नॉट गिव्हन’, असे काही विद्यार्थी धरून चालतात आणि तिथेच घसरतात. प्रत्यक्षात ‘नॉट गिव्हन’ विधानाचा विषय उताऱ्यात बहुधा असतो, कित्येकदा शब्दही तेच असतात. नसतो तो त्या विषयाबद्दलचा नेमका दावा. उलट ‘ट्रू’ आणि ‘फॉल्स’ विधानांतले शब्द बरेचदा बदललेले असतात. ‘सरोवराचे पाणी आम्लधर्मी आहे’ या विधानातला महत्त्वाचा शब्द उताऱ्यात शोधून सापडणार नाही, पण उत्तर ‘फॉल्स’च आहे, कारण अल्कधर्मी पाणी त्याच वेळी आम्लधर्मी असू शकत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी मी मुद्दाम लोणार निवडले, कारण त्यातून आणखी एक सापळा उघड होतो. ‘लोणार सरोवराला रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला आहे’ हे विधान घ्या. हा दर्जा २०२० मध्येच मिळाला आणि ती बातमी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांनी ठळकपणे छापली होती, त्यामुळे विधान खरे आहे हे अनेकांना माहीत असते. तरीही वरच्या उताऱ्यापुरते उत्तर ‘नॉट गिव्हन’च आहे. उलट बाजूचे उदाहरण असे: ‘मॅस्केलिनाइट जगात फक्त लोणारलाच सापडते.’ भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ते चंद्रावरच्या खडकांत आणि काही उल्कांतही सापडल्याचे ठाऊक असते, म्हणून तो आत्मविश्वासाने ‘फॉल्स’ लिहितो. उतारा मात्र ही काच कशातून तयार होते एवढेच सांगतो. ती कुठे कुठे सापडते, हे सांगत नाही. वाचकाने बाहेरून आणलेल्या ज्ञानाचा उत्तरावर परिणाम होऊ नये, असे परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच स्पष्ट केले आहे. स्वतःच्या अभ्यासविषयावरचा उतारा आला की विद्यार्थी खूश होतात, पण या प्रश्नप्रकारात अशाच उताऱ्यावर सर्वाधिक सावध राहावे लागते.

‘फॉल्स’ ओळखण्यात कमी पडण्याचे एक कारण भाषेचेही आहे. विरोध दाखवायला इंग्रजीत ‘नॉट’ लागतोच असे नाही. ‘हार्डली’, ‘रेअरली’, ‘फेल्ड टू’, ‘नो लाँगर’, ‘अनटिल’ अशा शब्दांतून नकार किंवा बदल गुपचूप येतो. एखादी समजूत ‘अनटिल द नाइन्टीन सिक्स्टीज’ प्रचलित होती असे उतारा म्हणत असेल आणि ती समजूत आजही रूढ आहे असे विधान म्हणत असेल, तर विरोध त्या एका ‘अनटिल’मध्ये दडलेला असतो. तो शब्द डोळ्यांखालून निसटला की विद्यार्थ्याला विरोध दिसत नाही आणि ‘फॉल्स’ असलेले उत्तर ‘नॉट गिव्हन’ होऊन बसते.

प्रमाण दाखवणारे शब्द हा त्याहून नाजूक भाग आहे. लोणारच्या उताऱ्यात ‘बहुतेक अभ्यासक’ असे म्हटले आहे. विधानात ‘सर्व अभ्यासक ज्वालामुखीचे मत मानत’ असे आले, तर ते ‘फॉल्स’ धरावे, कारण ‘बहुतेक’ म्हणताना लेखकाने काहींना जाणीवपूर्वक बाहेर ठेवलेले असते. पण विधान ‘परदेशी अभ्यासक ज्वालामुखीचे मत मानत’ असे असेल, तर ‘बहुतेकां’मध्ये परदेशी किती आणि देशी किती हे उताऱ्यातून कळायला मार्ग नाही, म्हणून तिथे ‘नॉट गिव्हन’. पहिल्या विधानात उताऱ्याने आखलेली मर्यादा ओलांडली आहे. दुसऱ्यात उताऱ्याने केलेलीच नाही अशी विभागणी आणली आहे. सरावाच्या वेळी या दोन गोष्टी वेगळ्या करण्यावर मी सर्वाधिक वेळ द्यायला सांगेन, कारण बाकीचे प्रकार सरावाने आपोआप सुधारतात, हा मात्र थांबून विचार केल्याशिवाय सुधारत नाही.

वेळेच्या हिशेबातही ही दोन उत्तरे सारखी वागत नाहीत. ‘फॉल्स’चा पुरावा सापडला की शोध संपतो. ‘नॉट गिव्हन’मध्ये जे नाही तेच शोधायचे असल्याने शोध संपतच नाही आणि विद्यार्थी पूर्ण उतारा पुन्हा पुन्हा चाळत बसतात. याला आवर घालणारी एक सोय परीक्षेच्या रचनेतच आहे. या प्रकारातली विधाने उताऱ्यातील माहितीच्या क्रमानेच दिलेली असतात. तिसऱ्या विधानाचे उत्तर दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी आणि पाचव्याचे तिसऱ्या परिच्छेदाच्या मध्यावर सापडले, तर चौथ्याविषयी जे काही असेल ते त्या दोन जागांच्या मध्येच असणार. तेवढा भाग दोनदा नीट वाचूनही उत्तर मिळाले नाही, तर ‘नॉट गिव्हन’ लिहून पुढे जावे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे जागा रिकामी सोडण्यात काहीच फायदा नाही.

सरावासाठी नमुना प्रश्नपत्रिका सोडवून उत्तरसूचीशी ताडणे आणि गुण मोजणे एवढ्यावर बहुतेक जण थांबतात. त्यापेक्षा प्रत्येक उत्तरासमोर एक ओळ लिहिण्याची सवय लावावी. उत्तर ‘फॉल्स’ असेल, तर विरोध करणारी उताऱ्यातली नेमकी शब्दयोजना उतरवून काढावी. उत्तर ‘नॉट गिव्हन’ असेल, तर उताऱ्यात कोणते वाक्य असते तर या विधानाचा निकाल लागला असता, ते स्वतः रचून लिहावे. गुलाबी पाण्याच्या विधानासमोर, उदाहरणार्थ, ‘हा बदल यापूर्वीही नोंदवला गेला होता’ किंवा ‘असा बदल प्रथमच दिसला’ असे लिहिता येईल. ते वाक्य रचता आले, म्हणजे उताऱ्यात काय गहाळ आहे हे विद्यार्थ्याला खरोखर कळले. केवळ अंदाजाने आलेल्या बरोबर उत्तरासमोर असे वाक्य सुचत नाही, आणि तो अंदाज होता हेही तिथल्या तिथे लक्षात येते.

याच प्रकाराचा एक जवळचा भाऊबंद प्रश्नपत्रिकेत भेटतो: ‘येस’, ‘नो’ आणि ‘नॉट गिव्हन’. तिथे उताऱ्यातील माहितीऐवजी लेखकाची मते किंवा दावे तपासायचे असतात. विधान लेखकाच्या मताच्या उलट असेल तर ‘नो’, आणि लेखकाने त्यावर मत दिलेच नसेल तर ‘नॉट गिव्हन’. इथे पाहायचे ते मत कोणाचे आहे हे. वादग्रस्त विषयावरच्या लेखात लेखक इतरांची मते सविस्तर मांडतो, कधी तटस्थपणे, तर कधी खोडण्यासाठी. एखाद्या संशोधकाचे मत विधानाच्या विरोधात आहे, पण लेखकाने त्या मताची बाजू घेतलेली नाही आणि स्वतःचेही काही सांगितलेले नाही, अशा स्थितीत त्या संशोधकाच्या वाक्यावर बोट ठेवून ‘नो’ लिहिता येत नाही. ते बोट लेखकाच्या स्वतःच्या वाक्यावर असावे लागते. प्रश्नाच्या सूचनेत ‘ट्रू’ मागितले आहे की ‘येस’, हे विधाने वाचण्याआधी पाहून घ्यावे. कागदावर परीक्षा देणाऱ्यांनी तर सूचनेत दिलेलाच शब्द उत्तरपत्रिकेवर उतरवावा आणि तोही लगेच, कारण वाचनाच्या भागात उत्तरे उतरवण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही.