हाफ इंजिन म्हणजे नेमकं कुठलं अर्धं?

मावसभावाची पेट्रोल गाडी निळा धूर मारायला लागली. गॅरेजवाला म्हणाला, “हाफ इंजिन टाकून घ्या, विषय संपला.” भाऊ निर्धास्त. त्याच्या बाइकचं हाफ इंजिन दोन वर्षांपूर्वी झालं होतं. आज दिलेली गाडी उद्या हातात. तिसऱ्या दिवशी तो गॅरेजात डोकावला, तर चेनपुलीला अख्खं इंजिन लटकलेलं. लगेच मला फोन: “अरे, यानं तर सगळंच खाली उतरवलंय!”

फसवलं कुणीच नव्हतं. बाइकच्या गॅरेजात हाफ इंजिन म्हणतात ते वरच्या अर्ध्याला: हेड (सिलिंडरवरचं झाकण), व्हॉल्व्ह, सिलिंडर, पिस्टन, रिंगा. क्रँककेस, म्हणजे खालची पेटी, न फोडता हे काम होतं. ती फोडली की फुल इंजिन. कारच्या पार्टबाजारात हाच शब्द उलटा होऊन बसतो. तिथलं हाफ इंजिन म्हणजे खालचं अर्धं, कंपनीच्या कागदावर ज्याला शॉर्ट ब्लॉक लिहितात ते. आणि फुल इंजिन म्हणजे लाँग ब्लॉक.

ब्लॉक म्हणजे ओतीव लोखंडाचा नाहीतर ॲल्युमिनियमचा ठोकळा. त्यात सिलिंडरची भोकं असतात, भोवती पाण्याच्या आणि ऑइलच्या वाटा. नुसता ठोकळा मिळाला तर तो रिकामा ब्लॉक. त्यात क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, पिस्टन आणि रिंगा बसल्या की झाला शॉर्ट ब्लॉक. वरून बघितलं तर पिस्टनची टाळकी उघडी दिसतात. हाफ इंजिन ओळखायची याहून सोपी खूण नाही. त्यावर व्हॉल्व्हसकट हेड आवळलं, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारी दांडी) आणि तिला क्रँकशी बांधणारं टायमिंग जोडलं, की तो लाँग ब्लॉक. शॉर्ट-लाँगचा लांबीशी काही संबंध नाही बरं का. चार सिलिंडरचा शॉर्ट ब्लॉक तीन सिलिंडरच्या लाँग ब्लॉकपेक्षा लांब भरू शकतो. फरक पडतो तो उंचीत.

एक मेख कॅमशाफ्टची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनात कॅमशाफ्ट ब्लॉकच्याच पोटात असायची आणि लांब दांड्यांनी, म्हणजे पुशरॉडनी, वरचे व्हॉल्व्ह हलवायची. अशा इंजिनाच्या शॉर्ट ब्लॉकबरोबर साधारणपणे कॅमशाफ्टही येते. पुढे पुण्याजवळ रांजणगावात फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट डिझेल बनायला लागलं. त्यात दोन कॅमशाफ्ट, दोन्ही वर. याचं हाफ इंजिन घेतलं तर कॅमशाफ्टचा पत्ताच नाही. आजच्या बहुतेक गाड्या या दुसऱ्या प्रकारच्या, त्यामुळे नुसतं “हाफ” म्हणून भागत नाही. आणि “फुल” म्हटलं तरी ते फुल नसतंच. अल्टरनेटर, स्टार्टर, इंजेक्टर, मॅनिफोल्ड बहुधा तुमच्याच जुन्या इंजिनावरून उतरवून चढवायचे असतात.

कुठलं घ्यायचं हे दुखणं कुठे आहे त्यावर ठरतं. खालून टकटक येतेय, ऑइल प्रेशर पडलंय, तर दुखणं बहुधा खाली. रेडिएटरचं पाणी संपून गाडी तापली आणि हेड वाकलं, किंवा टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले, तर आधी वर बघायचं. पिस्टन शाबूत असतील तर नुसतं हेडचं काम पुरतं. तिथे हाफ इंजिन घेणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दोन्हीकडे बारा वाजले असतील तरच लाँग ब्लॉक.

निळा धूर मात्र चकवतो. तो झिजलेल्या रिंगांमुळे येतो, तसाच व्हॉल्व्हच्या सीलमुळेही. म्हणून भावाला म्हटलं, इंजिन खोलायच्या आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं होतं का, ते विचार. मिस्त्रीनं बघितलं होतं, तेही नीट. प्लग काढून भोकात गेज लावला, आकडा घेतला. मग त्याच भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा. आकडा चढला. म्हणजे ऑइलनं तात्पुरती फट बुजवली, म्हणजे रिंगा आणि सिलिंडर गेलेले. चढला नसता तर संशय व्हॉल्व्हवर किंवा हेड गॅस्केटवर, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगवर. (हे पेट्रोलपुरतं, डिझेलच्या भोकात ऑइल ओतू नका.) थोडक्यात, मिस्त्रीचा सल्ला बरोबर होता, फक्त शब्दाचा घोळ झाला.

घोळ बिलातही झाला, कारण हाफ इंजिनावर जुनंच हेड चढतं. ते आधी लेथवाल्याकडे जातं. तो त्यावर सरळ पट्टी धरतो आणि खालून फिलर गेजची पातळ पाती सरकवून बघतो. पाती गेली तर फेसिंग, म्हणजे हेड घासून सपाट करणं. मग पॅकिंगचा सेट, टायमिंग किट, आणि बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्टही नवे, कारण ते आवळताना ताणले जातात आणि दुसऱ्यांदा भरवशाचे राहत नाहीत. ऑइल पंप नि चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) कुणी धरतो, कुणी धरत नाही. कोटेशनवर यातलं एकेक नाव लिहून घ्यावं, “हाफ इंजिन कम्प्लीट” या तीन शब्दांवर सही करू नये. हाफ आणि कम्प्लीट एका दमात कसं म्हणतात, देव जाणे.

आता कागदाची बाजू. इंजिन नंबर ठोकलेला असतो ब्लॉकवर, हेडवर नाही. हेड तीनदा बदला, आरसीवरचा नंबर तोच. ब्लॉक बदलला की मात्र, बाजार त्याला भले अर्धं म्हणो, कागदावर अख्खं इंजिन बदललं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे ते आरटीओत कळवायचं, आणि विमा कंपनीलाही, नाहीतर पुढे क्लेमच्या वेळी नंबर जुळत नाही म्हणून फाइल अडते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेलं इंजिन बघायला गेलात तर पिस्टनच्या आधी ही नंबरची जागा फडक्यानं पुसून बघा. ती घासलेली दिसली तर भाव विचारत बसू नका, पुढच्या दुकानात जा.