सही राज्यपालांचीच, पण नाव कुठून येतं? लोकसेवा आयोगाचा सदस्य आणि राज्य माहिती आयुक्त

एमपीएससीचा, म्हणजे सरकारी भरतीच्या परीक्षा घेणाऱ्या महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचा सदस्य आणि माहिती अधिकाराची अपिलं ऐकणारा राज्य माहिती आयुक्त, दोघांनाही राज्यपालच नेमतात. त्यामुळे दोन्ही नेमणुका एकाच पद्धतीने होतात, असा समज अभ्यासिकेत रात्रंदिवस बसणाऱ्या मुलांचाही असतो. पण त्या सहीपर्यंत नाव पोचतं कसं, तिथे वाटा फुटतात.

लोकसेवा आयोग संविधानातला. कलम ३१६ म्हणतं, अध्यक्ष आणि सदस्य राज्यपाल नेमतील. त्यांतले शक्यतो निम्मे किमान १० वर्षं सरकारी सेवा केलेले असावेत. बस्स, एवढंच. निवड समिती नाही, शिक्षणाची अट नाही. राज्यपाल मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, म्हणजे नाव सरकारच ठरवतं. विरोधकांना विचारायची सक्ती कुठेही नाही.

माहिती आयुक्ताचं पद २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातलं. तिथे मुख्यमंत्री, विधानसभेतला विरोधी पक्षनेता आणि मुख्यमंत्री सुचवतील तो एक कॅबिनेट मंत्री, अशी तिघांची समिती शिफारस करते. विरोधी पक्षनेत्याला मान्यताच मिळालेली नसेल, तर सर्वांत मोठ्या विरोधी गटाचा नेता त्या जागी बसतो. तिघांत दोघे सरकारचे, हे खरंच. तरीही विरोधकासमोर नावं येतात, त्याला असहमती नोंदवता येते, आणि मला ती नोंद फार मोलाची वाटते.

वयाचं गणित मांडून बघा. एमपीएससीत मुदत ६ वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, जे आधी होईल ते. साठीला निवृत्त झालेला आयएएस अधिकारी तिथे गेला तर जेमतेम २ वर्षं मिळतात. माहिती आयुक्ताची वयोमर्यादा ६५, मुदत ३ वर्षं. त्याच अधिकाऱ्याला ती पूर्ण मिळते. कायद्याने पत्रकारिता, विज्ञान, समाजसेवा अशी क्षेत्रंही मोकळी ठेवली आहेत. फक्त माजी नोकरशहांकडेच बघू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सरकारांना सुनावलं, ते योग्यच झालं.

पदावरून काढताना चित्र पालटतं. गैरवर्तनाचा आरोप असेल तर दोन्हीकडे सर्वोच्च न्यायालयाची चौकशी लागते. पण माहिती आयुक्ताला त्यानंतर राज्यपालच काढतात. एमपीएससीच्या सदस्याला फक्त राष्ट्रपती. ज्यांनी नेमलं त्या राज्यपालांना फार तर चौकशीच्या काळात निलंबित करता येतं. उलट माहिती आयुक्ताची मुदत पूर्वी कायद्यातच ५ वर्षं होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे गेला आणि ती ३ वर आली.

म्हणजे एमपीएससीतून कुणाला काढणं अवघड, पण आत घेताना संविधानात चाळणी नाही. पंजाबच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं, की लोकसेवा आयोगाच्या अध्यक्षपदी सचोटी आणि क्षमता असलेलीच व्यक्ती हवी. ती सचोटी तपासायची कुणी आणि कशी, याबद्दल कलम ३१६ मध्ये एक ओळही नाही.