चालताना पोटरी धरते? पायाची नाडी तपासून घ्या

रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांत राबणारी माणसं आमच्या तपासणी केंद्रात येतात ती बहुधा हीच तक्रार घेऊन: थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, बांधावर टेकलं की मिनिटा-दोन मिनिटांत उतरतो. वात समजून महिनोन्‌महिने तेल चोळून झालेलं असतं. पण ठरावीक अंतरावर भरून येणारी पोटरी ही पायाच्या धमन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. विडी-तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणं. अशा रुग्णाला हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोकाही जास्त, म्हणून दुखणं सोसवतंय तरी अंगावर काढू नका.

मधुमेहात पाय बधिर झालेले असतात, त्यामुळे कित्येकांना दुखतच नाही. चप्पल लागून झालेली, न भरणारी जखमच पहिल्यांदा दिसते. मधुमेहींनी रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघाव्यात. पायाला गरम पाण्याचा शेक तर अजिबात देऊ नये.

तपासणीत सुई नाही, उपाशी यायचं नाही. थोडा वेळ निजवून दोन्ही दंडांवर आणि घोट्यांवर रक्तदाबाचा पट्टा बांधतो, जेल लावून डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींवर चालणाऱ्या छोट्या यंत्राने, नाडीचा आवाज ऐकतो. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागायचं. दंडात १४० आणि घोट्यात ८४ आले, तर उत्तर ०.६. साधारण १ ते १.४ ठीक, ०.९ किंवा त्याहून कमी म्हणजे रक्त कमी पोहोचतंय. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा, १.४ च्याही वर येतो. तेव्हा पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो. अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचं चित्र घेणारी तपासणी, बहुधा अँजिओप्लास्टी किंवा बायपास करायची असेल तेव्हाच.

उपचारात पहिलं काम तंबाखू सोडण्याचं, मशेरीसुद्धा. मग चालणं: दुखेपर्यंत चाला, थांबा, पुन्हा चाला. ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून किमान तीनदा, निदान तीन महिने. पायाला जखम असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जोडीला डॉक्टर गुठळी रोखणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी देतात. एवढ्याने भागलं नाही किंवा पायच धोक्यात असेल, तर अँजिओप्लास्टी (फुग्याने धमनी रुंद करणं) किंवा बायपास (रक्ताला वळणवाट काढून देणारी शस्त्रक्रिया).

पाय दुखतो म्हणून दुकानातून घट्ट मोजे आणून घालू नका. ते फुगलेल्या शिरांसाठी असतात. धमनी अरुंद असेल तर आहे तेही रक्त अडतं.

पाय अचानक गार, पांढरा पडला, असह्य दुखू लागला किंवा हलेनासा झाला, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका. शस्त्रक्रियेची सोय असलेलं मोठं रुग्णालय तासाभरात गाठा. सहा तासांनंतर पाय वाचवणं अवघड होत जातं.