उघडा ढीग आणि खारा वारा: कोळशाच्या धुळीची पार्श्वभूमी

गोव्यातल्या वास्कोत बंदराच्या बाजूला राहणाऱ्यांना उन्हाळ्यात एक काम रोजचंच असतं. खिडकीच्या चौकटीवरून ओलं फडकं फिरवायचं आणि ते काळं झालं की पिळायचं. साधी माती पाण्याबरोबर निघून जाते. ही कोळशाची धूळ मात्र तेलकट असल्यासारखी पसरते आणि मागे करडा पट्टा राहतो. मुरगाव बंदर शहराच्या पश्चिम-वायव्येला आहे. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की तो बंदर ओलांडूनच वस्तीत शिरतो.

मुरगावला 1963मध्ये मोठ्या बंदराचा दर्जा मिळाला तेव्हा तिथला मुख्य माल लोहखनिज होता, त्यामुळे धूळही लाल. पुढे कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांसाठी परदेशी कोळसा इथे उतरू लागला. 2012मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबलं आणि कोळशाचं महत्त्व आणखी वाढलं. जहाजातून ग्रॅबने, म्हणजे क्रेनच्या पंजाने, उचललेला कोळसा यार्डात ढीग लावून ठेवायचा आणि वॅगनींत भरून घाटावर पाठवायचा, असा हा व्यवहार.

ढिगावरची धूळ वारा नेमकी कशी उचलतो, हे पहिल्यांदा नीट समजलं ते बंदरापासून फार दूर, वाळवंटात. राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश लष्करातला इंजिनिअर लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन फिरला. नंतर त्याने लंडनमध्ये वाऱ्याचा बोगदा बांधून वाळूवर प्रयोग केले आणि 1941मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. वाऱ्याचा जोर एका ठरावीक मर्यादेपुढे गेल्याशिवाय कण हलत नाहीत. मर्यादा ओलांडली की वाळूचे कण टुणटुण उड्या मारू लागतात आणि खाली पडताना दुसऱ्या कणांना उडवतात. त्याला आणखी एक विलक्षण गोष्ट दिसली. सिमेंटसारखी अगदी बारीक भुकटी सपाट पसरली तर जोरदार वाऱ्यातही ती जागची हलत नाही. तिच्यावर काही आदळलं, कोणी ती ढवळली, तर मात्र ती उठते. कोळशाच्या यार्डाचं सगळं दुखणं या निरीक्षणात आहे, असं मला वाटतं.

त्याच सुमारास अमेरिकेत 1930च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी शेतांची सुपीक माती उडवून नेली. तिथल्या मृदाशास्त्रज्ञांनी शेतावरून किती माती जाईल, याचा हिशेब बसवला. धूर सोडणाऱ्या चिमण्यांवर कायदे आले तेव्हा ढिगाकडे फारसं कोणी पाहिलं नव्हतं, कारण ढिगाला धुराडं नसतं, मोजणीची नळी खुपसायला जागा नसते. 1970च्या दशकात अमेरिकेत या ‘मोकाट’ धुळीची मोजदाद सुरू झाली. संशोधकांनी उचलून नेता येईल असा वाऱ्याचा बोगदा थेट कोळशाच्या ढिगावर नेऊन ठेवला.

त्यातून आलेले आकडे अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या सूत्रात आजही वापरले जातात. जमिनीपासून 7 मीटर उंचीवर वारा सेकंदाला साधारण 10 मीटरच्या पुढे गेला की ढीग धूळ सोडू लागतो. पण ती काही मिनिटांतच झपाट्याने ओसरते. वरचे सुटे कण संपतात, उरतात ते जड खडे. म्हणूनच हिशेबात दिवसभराची सरासरी कामाची नाही. झोताचा सर्वोच्च वेग धरावा लागतो. आणि ढीग पुन्हा हलवला की सुट्या कणांचा साठा नव्याने तयार होतो.

कण सुटायला पृष्ठभागालगत वाऱ्याची किमान जी ओढ लागते, तिची मोजणी आणखी बोलकी आहे. ही ओढ वेगाच्याच मापात सांगतात, पण हा वर सांगितलेला वाऱ्याचा वेग नव्हे; आकडा जितका लहान, तितकी धूळ लवकर उडते. पपडी न धरलेल्या कोळशाच्या ढिगाला ती सेकंदाला 1.12 मीटर लागते. त्याच ढिगावर यंत्राच्या चाकांचे माग उमटले की 0.62 पुरते. आणि काँक्रीटवर सांडलेल्या बारीक चुऱ्याला 0.54. म्हणजे लोक ज्या उंच ढिगाकडे बोट दाखवतात, त्याच्यापेक्षा त्याच्या पायथ्याची न झाडलेली फरशी आधी उडते.

आपल्याकडे हवा प्रदूषणाचा कायदा 1981चा. यार्डांवर पाण्याचे फवारे, ताडपत्री, जाळीचं कुंपण हे उपाय आले. कुंपण जाळीचंच का, तर भरीव भिंतीमागे भोवरे उठतात, जाळी वाऱ्याचा जोर मोडते. फवाऱ्याने ओला झालेला थर वाळला की पपडी धरतो, आणि ती टिकली तर ढीग बराच शांत राहतो. पण डोझर एकदा वरून गेला की पपडी फुटते, मग पुन्हा पाणी मारायचं. पावसाळ्यात हे काम निसर्ग करतो. मार्चमध्ये माणसालाच करावं लागतं, तेही दुपारचा वारा सुटायच्या आधी.

2017च्या एप्रिल-मेमध्ये बंदराच्या विस्तार प्रकल्पांवर वास्कोत जनसुनावण्या झाल्या. लोकांनी दिवसचे दिवस बसून आपलं म्हणणं मांडलं आणि ‘गोंयात कोळसो नाका’ (गोव्यात कोळसा नको) ही हाक गोवाभर पोहोचली. तोवर कित्येक उन्हाळे त्या चौकटी पुसून झाल्या होत्या.