दहा मणांचा गोटा आणि ५१० किलो

सप्टेंबर २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला आइसलँडच्या एका खेळाडूने ५१० किलोचा बार जमिनीवरून उचलला आणि तो सरळ उभा राहिला. तो व्हिडिओ रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जिमच्या ग्रुपवर फिरला आणि त्याखाली जुनाच वाद नव्याने पेटला : जास्त ताकदवान कोण, आजचे खेळाडू की जुनी माणसं? आमच्या गावातल्या अमक्याच्या पणज्याने दहा मणांचा गोटा एकट्याने खांद्यावर घेतला होता, असं सांगणारा माणूस कोकणात प्रत्येक वाडीत सापडतो. तो खोटं बोलत नसतो. पण तो नेमकं काय सांगतो आहे, हे समजायला ‘मण’ या शब्दापाशी थोडं थांबावं लागतं.

मण म्हणजे ४० शेर, हे सगळ्यांना पाठ. घोळ शेरापासूनच सुरू होतो. मुंबई इलाख्यात चालणारा मण २८ पौंडांचा, म्हणजे आजच्या हिशेबाने साधारण १२.७ किलोचा. रेल्वेच्या मालगाडीत आणि सरकारी कागदात जो मण चालायचा तो बंगालचा, ८२ पौंडांहून थोडा जास्त, म्हणजे ३७.३ किलोचा. दोन्हींना मणच म्हणत. फरक सांगायचा झाला तर हलक्याला कच्चा आणि जडाला पक्का असं विशेषण लागायचं, आणि गोष्ट एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाताना पहिल्यांदा गळून पडतं ते विशेषण. शिवाय कोकणात भात मापायचं ते पायलीने. बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. हे माप आकारमानाचं, वजनाचं नव्हे. मणभर भात आणि मणभर तांदूळ यांचं वजन एक नाही. ओल्या आणि सुक्या भाताचंही एक नाही. बंदरावर उतरणारा माल एका मणाने, वखारीतला दुसऱ्या, घरातला तिसऱ्या. १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोची वजनं बाजारात यायला लागली आणि पुढच्या काही वर्षांत मण दुकानातून गेला. बोलण्यातून मात्र तो गेलाच नाही.

म्हणजे दहा मण म्हणजे १२७ किलो, किंवा ३७३ किलो. पहिला आकडा कसलेल्या शेतकऱ्याच्या आवाक्यातला आहे. दुसऱ्या आकड्याचा गुळगुळीत गोल दगड खांद्यावर घेणं आजच्या जगातल्या कुठल्याही ताकदवानालाही झेपणारं नाही.

आमच्या वाडीतल्या देवळाच्या अंगणात असा एक गोटा आहे. पारापाशी, पावसात शेवाळ धरलेला, पकडायला कुठे कोपरा नाही. गेल्या शिमग्यात त्याला सुतळी गुंडाळून घेर मोजला. साडेचार फूट भरला. गोल धरला तर व्यास सुमारे ४४ सेंटिमीटर आणि आकारमान ४३-४४ लिटर. दगड काळवत्री, म्हणजे काळा बेसॉल्ट आहे, एका लिटरला २.९ किलोच्या आसपास. गुणाकार १२५ किलोच्या जवळ येतो. दहा कच्चे मण! गोष्ट खरी होती, अक्षरशः मापात खरी होती. फक्त ऐकणाऱ्यांनी मधल्या काळात ती पक्क्या मणात ऐकली. हाच गोटा जांभ्याचा असता तर ९० किलोही भरला नसता. गावोगावच्या गोट्यांची तुलना करताना दगड कुठला हे कोणी विचारत नाही, आणि तिथेच निम्मा हिशेब चुकतो.

दुसरा घोळ ‘उचलला’ या क्रियापदाचा. गोट्याखालून वारा गेला की उचलला म्हणणारे आहेत. मांडीवर घेतला तर उचलला, छातीला लावला तर उचलला, खांद्यावरून मागे टाकला तरच उचलला, असे एकेका गावाचे एकेक कायदे. आपल्याला हे गावठी वाटतं, पण खेळाच्या जागतिक इतिहासात वेगळं काही झालेलं नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये दोन हातांच्या प्रकारात दोघांनी सारखंच, १११.५ किलो उचललं. सुवर्णपदक कोणाचं हे ठरलं ढबीवर : एकाने वजन वर नेताना पाय हलवला होता.

पुढे प्रेसचं तेच झालं. बार खांद्यापाशी आणायचा आणि पाय न हलवता, गुडघे न वाकवता नुसत्या हातांच्या जोरावर डोक्यावर न्यायचा, असा तो प्रकार. साठच्या दशकात लिफ्टर कंबरेतून इतके मागे झुकायला लागले की उभ्याने केलेला प्रेस जवळजवळ बाकावर आडवं पडून केल्यासारखा दिसू लागला. किती झुकलं म्हणजे बाद, यावर पंचांचं एकमत होईना. १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकनंतर प्रेस स्पर्धेतून काढूनच टाकला आणि स्नॅच (जमिनीवरून एकाच झटक्यात डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यापाशी, मग डोक्यावर) हे दोनच प्रकार उरले. तो निर्णय कंबरा वाचवण्यासाठी घेतला असं सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. पण मला वाटतं, मुख्य कारण पंचगिरी अशक्य झाली हे होतं. नियमात न बसणारी ताकद मोजायचीच नाही, असं ठरलं. खांद्याची निव्वळ ताकद मोजणारा ऑलिम्पिकमधला एकमेव प्रकार त्यात गेला. आजही जुन्या तालमीत शिकलेली माणसं त्याबद्दल हळहळतात, आणि त्यांची हळहळ रास्त आहे.

डोक्यावर वजन नेण्याची हद्द कुठे आहे, याचा सर्वांत बोलका पुरावा क्लीन अँड जर्कमध्ये मिळतो. १९८८ मध्ये सोव्हिएत संघाच्या एका लिफ्टरने ऑस्ट्रेलियात कॅनबेराला २६६ किलो नेलं. १९९३ मध्ये वजनगट बदलले आणि जुने विक्रम वहीत बंद झाले. उत्तेजक औषधांच्या काळावर पडदा टाकायचा होता, असं अनेक जाणकार मानतात. त्या २६६ च्या पुढे कोणी गेलं ते थेट डिसेंबर २०२१ मध्ये, ताश्कंदला. जॉर्जियाच्या लिफ्टरने २६७ किलो नेलं. तेहतीस वर्षांत एक किलो. मधल्या काळात आहार बदलला, बूट बदलले, प्रशिक्षणाचं शास्त्र बदललं. एक किलो.

डेडलिफ्टचा आलेख मात्र वेगळा आहे. तिथे वजन फक्त मांडीपर्यंत आणायचं असतं. २००६ मध्ये एका इंग्लिश माणसाने पहिल्यांदा हजार पौंडांची, म्हणजे ४५४ किलोंची हद्द ओलांडली. २०१६ मध्ये लीड्सला आणखी एका इंग्लिश माणसाने ५०० किलो उचलले. नाकातून रक्त आलं आणि खाली ठेवताच तो कोसळला. मग मे २०२० मध्ये, साथीच्या काळात, सुरुवातीला सांगितलेल्या आइसलँडच्या खेळाडूने तिथल्या स्वतःच्या जिममध्ये, प्रेक्षक नसताना ५०१ किलो उचलले आणि तो विक्रम धरायचा की नाही यावर मोठं भांडण झालं. ५०० किलोवाल्याचं म्हणणं, स्पर्धेत सगळ्यांसमोर केलेलंच खरं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पंच होता, वजनं तोलली होती, कॅमेरा चालू होता, मग जागेने काय फरक पडतो? माझं मत दुसऱ्या बाजूचं आहे. आपल्या गोट्यांच्या गोष्टीत तर ना पंच होता ना काटा, तरी आपण त्या मानतो. शेवटी २०२५ मध्ये त्याच आइसलँडवाल्याने आधी ५०५ आणि मग ५१० करून वादच मिटवला. या प्रकारात मनगटाला पट्टे बांधायला परवानगी असते, अंगात कडक सूट असतो. उघड्या मुठीने तेवढं वजन बोटांत राहणार नाही.

ही हद्द कशाने ठरते? स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदावर ठरते, आणि शरीराचं वजन आकारमानावर. माणूस दुप्पट मोठा झाला की ताकद तेवढी वाढत नाही. म्हणून वजनाच्या पटीत पाहिलं तर लहान चणीची माणसं पुढे असतात. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये ६० किलो गटातल्या तुर्कस्तानच्या लिफ्टरने १९० किलो डोक्यावर नेले, तिपटीहून जास्त. कोकणातल्या काटक, शेलाट्या अंगाच्या माणसांबद्दल घाटावरच्यांना जे नवल वाटतं, त्याचं निम्मं उत्तर या गणितात आहे. स्नायूंच्याही आधी मेंदू आणि मज्जातंतू हात आखडता घेतात. सरावाची पहिली वर्षं या आवरत्या हाताला सैल करण्यात जातात. आणि सगळ्यात शेवटी येतो मणका. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पॉवरलिफ्टरांच्या कंबरेच्या मणक्यावर डेडलिफ्टच्या वेळी १७ हजार न्यूटनपर्यंत (दहा न्यूटन म्हणजे साधारण एका किलोचा भार) दाब येत असल्याचा हिशेब निघाला. रोज काम करणाऱ्या माणसासाठी सुरक्षित म्हणून धरलेली रेषा ३४०० न्यूटनची आहे.

कोकणात माझ्या मते महत्त्वाची हद्द ही दुसरी, रोज काम करणाऱ्या माणसाची. इथे जड उचलणं हे रोजच्या कामाचं आहे. शिमग्याला होळीचं झाड गाव खांद्यावर आणतो. चाळीस फुटी, फूटभर जाड ओलं खोड ८०० किलोच्या घरात जातं. पंचवीस खांदे लागले तर वाट्याला ३०-३५ किलो येतात, काही मोठं नाही. पण पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढताना पुढचे वर आणि मधले खाली राहतात, खोड काही वाकत नाही, आणि चार-पाच जणांच्या खांद्यावर एकदम सगळं येतं. म्हणूनच फाका, म्हणजे शिमग्यातल्या आरोळ्या, घालत एका ठेक्यात पाय टाकायचे असतात. ठेका चुकला की कोणाचा तरी खांदा जातो.

बंदरावरच्या आणि बाजारातल्या हमालांच्या पाठीवर शंभर किलोचं पोतं किती पिढ्या राहिलं, हे वेगळं सांगायला नको. १९६७ मध्ये जिनिव्हात कमाल ओझ्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यात कामगाराच्या तब्येतीला धोका होईल एवढं ओझं देऊ नये असं लिहिलं आणि आकडा मात्र घातला नाही. ५५ किलो हा आकडा सोबतच्या शिफारशीत गेला, आणि शिफारस कोणाला बांधील नसते. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी-हमालांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो देशात वेगळा ठरला. भारताने तो जिनिव्हाचा करार स्वीकारायला २०१० उजाडलं. पोतं पन्नास किलोचं करा, ही हमालांच्या संघटनांची कितीतरी वर्षांची मागणी होती. आज धान्याचं पोतं बहुतेक ठिकाणी पन्नासचं दिसतं, त्यात या रेट्याचाही वाटा आहे.

चिरेखाणीकडे मात्र हे वारं फारसं पोचलं नाही. जांभ्याचा चिरा २५ ते ३० किलोचा. तो आता यंत्राने कापला जातो, पण खाणीतून ट्रकात चढतो तो माणसाच्या हातानेच. उत्तर कर्नाटकातून आलेली कुटुंबं हे काम करतात. बाया डोक्यावर चुंबळ ठेवून चिरा नेतात, पुरुष खालून वर फेकतात. दोन हातांनी, अंगाजवळ धरून उचलायचं कंबरेच्या उंचीवरचं ओझं किती असावं, याचं सूत्र १९९१ मध्ये अमेरिकेत सुधारलं गेलं. सगळं अनुकूल असलं तर २३ किलो. ओझं जमिनीवर असलं, अंगापासून हातभर दूर असलं, खूप वर न्यायचं असलं, तर दर वेळी त्यातून कपात होते. खाणीच्या तळातून चिरा उचलून ट्रकाच्या फाळक्यापर्यंत न्यायचा हिशेब मी त्या सूत्रात घालून पाहिला. उत्तर दहा किलोच्या खाली आलं, तेही एका चिऱ्यापुरतं. दिवसभर तेच करायचं म्हटलं तर आणखी खाली.

लांज्याकडच्या एका खाणीवर मी अर्धा दिवस बसलो होतो. खालचा माणूस चिऱ्याच्या कडेला आधी अंगठा घासून धूळ झाडतो, मग दोन्ही गुडघे वाकवून चिरा पोटाशी घेतो आणि उठतानाच्या झोक्यात वर सोडतो. वरचा तो हवेतच झेलून रांगेत लावतो. पंचवीस-तीस चिरे झाले की कोणी न सांगता दोघे जागा बदलतात.